लाकडावरचा भार

मी मोजणीदार होतो. निजामाचं राज्य जाऊन आठ-दहा वर्षं झाली होती. आमचा जिल्हा आधी मुंबई राज्यात गेला आणि नंतर महाराष्ट्रात आला. कागदोपत्री उस्मानाबाद, बोलण्यात धाराशिव. जुनी उर्दूतली टिपणं मराठीत उतरवायची आणि जिथं वाद असेल तिथं जाऊन शेत पुन्हा मोजायचं, हे आमचं काम. माझी नेमणूक कळंबला होती, पण वर्षातले सात-आठ महिने मी रानातच असायचो. साखळी ओढायला दोन माणसं बरोबर असत. साखळीनं मोजून झालं की मी तीच हद्द एकदा पावलांनी मोजून बघायचो. माझं पाऊल ठरलेलं होतं. नांगरट असो, काळ्या रानातली ढेकळं असोत, शंभर पावलांत हातभराचाही फरक पडत नसे. साखळी ओढणारे हसायचे, पण त्यांचा आकडा चुकला तर तो माझ्या पावलांवरूनच सापडायचा. मला त्याचा अभिमान होता, आणि तो मी लपवतही नसे.

वाशीकडच्या एका गावात दोन भावांच्या वादाचा निकाल लागला होता आणि हद्दीचे दगड रोवायचे राहिले होते. दगड बैलगाडीत भरले. दुपारची वेळ, उताराची वाट. मी नकाशा हातात घेऊन गाडीच्या बाजूनं चाललो होतो. एका बैलाचा पाय घसरला आणि गाडी माझ्या अंगावर कलली. मी मागं सरायला गेलो आणि माझा डावा पाय वाटेच्या कडेच्या चरात अडकला. चाक घोट्यावरून गेलं. लोखंडी धाव बसवलेलं चाक आणि वर दगडांचं ओझं.

त्या गावात हाडं बसवणारा एक माणूस होता. त्यानं कामट्या लावून पाय बांधला. तो हळू हातानं बांधत होता, पण प्रत्येक हालचालीला माझ्या डोळ्यांपुढं अंधारी येत होती. मी म्हणालो, "घट्ट आवळ. हलता कामा नये." संध्याकाळी तो पुन्हा आला, सूज बघितली आणि म्हणाला, "सायेब, जराशीक ढिलं करतो. रगत फिरायला पायजे." मी त्याला हात लावू दिला नाही. आवळलेला असला की पाय बधिर व्हायचा आणि मला तेच हवं होतं. दुसऱ्या दिवशीही त्यानं विचारलं, मी पुन्हा नको म्हणालो. वर त्या दोन्ही भावांना सांगितलं की दगड रोवून होईपर्यंत मी गाव सोडणार नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बोटं काळी पडली होती.

गाडीनं सडकेपर्यंत आणि तिथून एका मालट्रकनं मला धाराशिवच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कामट्या सोडल्या आणि वर न बघता विचारलं, "कुणी आवळलं हे एवढं?"

मला आणणारे दोघं भाऊ खाली बघत उभे होते. त्यांच्यातल्या थोरल्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. तो माझं नाव घेणार नव्हता, हे मला कळलं. ज्या माणसानं दोनदा ढिलं करतो म्हटलं, त्याच्यावर खापर फुटलं असतं.

"मीच सांगितलं होतं," मी म्हणालो. "बांधणारा ढिलं करायला आला होता. मी करू दिलं नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि परत पायाकडं. "बरं," एवढंच म्हणाले. त्याच दिवशी नडगीच्या मध्यावर पाय काढला.

बायकोला कळंबला निरोप पोचून ती येईपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती, मूल नव्हतं. ती एसटीनं आली, पिशवी खाली ठेवली आणि सवयीनं खाटेच्या डाव्या अंगाला पायाशी बसली. तिथं चादर सपाट होती. ती उठली, वळसा घालून उजव्या अंगाला येऊन बसली आणि माझ्या शाबूत पायावर हात ठेवून राहिली. तिनं काही विचारलं नाही. घट्ट बांधल्याची हकीगत मी तिला फार पुढं सांगितली. तेव्हा ती एवढंच म्हणाली की डॉक्टरांनी तिला त्याच दिवशी सांगितलं होतं.

नसलेला घोटा दुखायचा. डॉक्टर म्हणाले, पुष्कळांचं असं होतं. लढाईच्या काळात ते फौजेच्या दवाखान्यात होते आणि असे पाय त्यांनी खूप पाहिले होते. पण मला जे वाटायचं ते नुसतं दुखणं नव्हतं. चाक अजून वरच आहे, पुढं सरकलेलंच नाही, असं वाटायचं. डोळे उघडे असतानाही वाटायचं. हे मी कुणाला सांगितलं नाही.

चार-पाच महिने कुबड्यांवर गेले. कचेरीनं मला बैठं काम दिलं, नकाशे उतरवण्याचं. उरलेल्या पायाला आम्ही घरात खुंट म्हणायचो. जखम भरली तेव्हा डॉक्टरांनी एका कागदावर चित्र काढून दिलं. मांडीला बांधायची कातडी पट्टी, गुडघ्याच्या दोन्ही अंगांना लोखंडी पात्या, खाली खुंट बसेल असा कातड्याचा खोलगट साचा आणि त्याखाली लाकूड. "असा पाय पुण्याला मिळतो," ते म्हणाले, "पण तिथं नंबर लागायला वेळ जाईल, आणि बिघडला की पुन्हा पुणं. तुमच्याकडं कातड्याचं काम करणारा कुणी चांगला माणूस आहे का?"

होता. कळंबच्या मोंढ्याजवळ, म्हणजे धान्याच्या बाजाराजवळ, लिंबाखाली बसणारे म्हातारे चर्मकार. तालुक्यात त्यांच्या वहाणांचं नाव होतं. मीही त्यांच्याकडूनच वहाणा घ्यायचो, आणि कशा घ्यायचो ते इथं लिहिलं पाहिजे. वयानं ते माझ्या वडलांएवढे, तरी मी त्यांना अरे-तुरे करायचो. माप द्यायचं तर जमिनीवर पाय ठेवायचा, ते खडूनं भोवती रेघ ओढायचे, आणि खडू पायाला लागणार नाही याची काळजी तेच घ्यायचे. वहाण त्यांनी पुढं सरकवायची आणि त्यांचा हात मागं गेला की मी उचलायची. आमच्या घरात असंच चालत आलं होतं. कायदा बदलला होता, पण माझं वागणं बदललं नव्हतं. त्याचा मी कधी विचारही केला नव्हता.

मी कुबड्या बाजूला ठेवून त्यांच्यासमोर पोत्यावर बसलो आणि कागद दाखवला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला. मग तो खाली ठेवला.

"हे खडूनं व्हायचं न्हाय," ते म्हणाले. "हात लावावा लागंल. दाबून बघावं लागंल कुठं हाड हाय, कुठं मास हाय."

"लाव की," मी म्हणालो.

"चार लोक बघत्यात सायेब. तुमाला चालंल का ते सांगा."

मी धोतर गुडघ्याच्या वर घेतलं आणि खुंट पुढं केला. त्यांनी अंगरख्याला हात पुसले आणि तो दोन्ही हातांत घेतला. दवाखाना सोडला तर तोवर त्याला फक्त बायकोचा हात लागला होता. त्यांचे अंगठे दगडासारखे कठीण होते, पण दाब मोजून मापून होता. गुडघ्याच्या वाटीखाली दाबलं. "हितं?" मी म्हणालो, दुखत नाही. नडगीच्या कडेला दाबलं. "हितं?" दुखलं. हाडाच्या टोकाला नुसतं बोट लावलं आणि माझा श्वास अडकला, तसं त्यांनी विचारणंच सोडून दिलं. कोळशानं त्यांनी खुंटावर खुणा केल्या: जिथं भार चालेल तिथं आडवी रेघ, जिथं अजिबात चालणार नाही तिथं गोल.

"टोकावर कायबी येऊ द्यायचं न्हाय," ते म्हणाले. "सगळं वझं वाटीच्या खाली आन बाजूंनी पेलायचं. टोक आत लोंबकळतं ऱ्हायलं पायजे."

पुढं धाराशिवला गेल्यावर मी हे डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "मी त्यांना हे चित्रात लिहून द्यायला विसरलो होतो."

सुताराकडून बाभळीचं लाकूड आणि लोहाराकडून पात्या त्यांनीच करून घेतल्या. खाली मालट्रकच्या टायरचा जाड गोल तुकडा ठोकला. पाय तयार झाला त्या दिवसापासून मी त्यांना तुम्ही म्हणू लागलो. ठरवून नाही. पाय बांधून पहिल्यांदा उभा राहिलो आणि तोंडातून "बघा बरं, नीट दिसतंय का" असं गेलं. त्यांनी ऐकलं, पण काही दाखवलं नाही.

महिन्याभरात मी काठीशिवाय चालू लागलो. कचेरीतले लोक म्हणायचे, लांबून बघितलं तर कळतही नाही. मला ते फार गोड लागायचं. मी मुद्दाम लांबच्या वाटेनं घरी जायचो. खुंट सोलवटायचा, लाल व्हायचा, पण ते होणार हे मला माहीत होतं. जे माहीत नव्हतं ते दुसऱ्याच बाजूला चाललं होतं.

उजव्या पायाच्या चवड्यावर, अंगठ्याच्या मुळाशी, आधी घट्टा पडला. मग त्याच्या मध्यावर भेग गेली. भेगेतून पाणी यायला लागलं. मी तिच्यात हळद भरून वर चिंधी बांधायचो आणि बायको स्वयंपाकात असताना सगळं उरकून घ्यायचो. चांगला पाय म्हणून जो उरला होता त्याच्याविषयी तक्रार करण्याची मला भीती वाटत होती.

एका सकाळी तिनं घर सारवलं होतं. ओल्या सारवणावरून मी बाहेर गेलो आणि मागून तिनं हाक मारली. आवाज चढलेला नव्हता. मी वळून बघितलं. सारवणात प्रत्येक पावलामागं एक तांबूस ठिपका उमटला होता, चवड्याच्या जागी, पार दारापर्यंत.

"किती दिवस झाले?" तिनं विचारलं.

"असतील पंधरा-वीस."

"खरं सांगा."

"दोन महिने," मी म्हणालो.

ती तिथंच ओल्या जमिनीवर बसली. "एकदा तुम्ही तीन दिवस अंगावर काढलेत," ती म्हणाली, "आणि एक पाय गेला. आता दुसऱ्या वेळेला मी गप्प बसणार नाही."

दुपारच्या एसटीनं तिनं मला धाराशिवला नेलं. डॉक्टरांनी घट्टा कापून काढला, खालची जखम बघितली, सळईनं खोली बघितली. हाडापर्यंत गेलेली नव्हती. मग त्यांनी मला व्हरांड्यात चालायला लावलं आणि ते भिंतीला टेकून बघत राहिले. चार फेऱ्या झाल्यावर ते बोलले.

"तुम्ही लाकडावर उभेच राहत नाही. ते टेकतं न टेकतं तोच उजवा पाय धपकन पुढं आणून टाकता. दिवसभर त्या एका चवड्यावर सगळं अंग आदळतंय. चांगला पाय म्हणजे लोखंड नव्हे. ही जखम अशीच चालू राहिली तर हाही पाय माझ्याकडं येईल." थोडं थांबून ते म्हणाले, "मला तो काढायचा नाही."

त्यांनी तीन आठवडे उजवा पाय टेकवायला बंदी केली. पुढचं कातडंवाल्याला विचारा, म्हणाले. ही जखम मलमानं भरेल, पण टिकेल ती चालण्यानं.

तीन आठवड्यांनी मी काठी टेकत बायकोबरोबर लिंबाखाली गेलो. म्हाताऱ्यांनी माझी उजवी वहाण मागून घेतली. चवड्याजवळ तिचा तळ झिजून पापुद्र्याएवढा झाला होता, टाच नव्यासारखी होती. त्यांनी ती बायकोलाही दाखवली. मग ते मला लिंबाच्या मागं घेऊन गेले. कातडं भिजवायच्या रांजणाचं पाणी तिथं सांडायचं आणि दहा-बारा पावलं लांबीची मऊ चिखलाची पट्टी कायम ओली असायची.

"ह्याच्यावरनं एकदा चाला. जखमेला फडकं गुंडाळा आन चाला."

मी चाललो. ते खाली बसून एकेका उमट्यात बोट घालून बघत गेले. उजव्या पायाचा चवडा दोन पेरं खोल गेला होता, टाच जेमतेम उमटली होती. लाकडाचा गोल शिक्का तर एवढा उथळ होता की त्याची एक कड तेवढी दिसत होती. मग माझ्यातला मोजणीदार जागा झाला. मी काठी आडवी धरून पावलं मोजली. लाकूड पुढं टाकतानाचं पाऊल लांब, उजवा पाय टाकतानाचं आखूड, प्रत्येक वेळी जवळजवळ वीतभर फरक. ज्या माणसाच्या पावलावर साखळी तपासली जायची त्याचं पाऊल असं झालं होतं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. लोक म्हणत होते, कळतही नाही.

"लाकूड आखूड आहे का?" मी विचारलं.

"बोटभर हाय. ते म्या करतो," म्हातारे म्हणाले. "पर सबब ती न्हाय. तुमी लाकडाला भेताव."

मी म्हणालो, दुखतं म्हणून तसं होत असेल.

"दुखतंय तर दुखत आसंल. पर भ्यायल्यालं माणूस निराळं चालतं, दुखरं निराळं. दुखरं माणूस हळू टेकवतं. तुमी टेकवता आन पळताव."

मग मी त्यांना चाकाचं सांगितलं. बायकोलाही ते तिथंच पहिल्यांदा कळलं. डाव्या बाजूला भार दिला की चाक पुन्हा वर येतं असं मला वाटतं, हे मी चिखलाकडं बघत सांगितलं. म्हाताऱ्यांनी हात धुतले.

"चाक गेलं, सायेब," ते म्हणाले. "पाय घिऊनच गेलं ते. आता खाली निस्ती बाभळ हाय."

उजव्या वहाणेसाठी त्यांनी कातड्याचे चार थर घेतले. मधल्या दोन थरांना, बरोबर जखमेच्या खाली, रुपयाएवढं भोक पाडलं आणि वरचा थर मऊ ठेवला. पाय ठेवला की जखम त्या पोकळीवर यायची आणि भार तिच्या भोवतीनं पसरायचा. टाचेशी थोडा उतार दिला, म्हणजे टाच आधी टेकेल. लाकडाखाली टायरचा आणखी एक थर ठोकला. हे सगळं दोन दिवसांत झालं. भीतीचं काम मात्र त्यांच्या हातात नव्हतं, आणि त्यासाठी त्यांनी मला मोंढ्यातल्या मापाड्याकडं पाठवलं.

मापाडी त्यांच्या ओळखीचा होता. दुपारी लिलाव संपला की मोंढा ओस पडायचा. पोती तोलायचा लोखंडी पाट्याचा काटा जमिनीवर असायचा. मापाड्यानं आधी माझं सगळं वजन केलं. मग काट्याशेजारी त्याच उंचीचा ओंडका ठेवला, उजवा पाय ओंडक्यावर आणि लाकूड काट्यावर.

"सरळ हुबं ऱ्हावा," तो म्हणाला. "दोनीवर सारखं."

मी उभा राहिलो. माझ्या मते दोन्ही पायांवर सारखा. त्यानं वजनाचा ठोकळा दांडीवरून मागं मागं आणला, तेव्हा कुठं दांडी उचलली. माझ्या वजनाचा चौथा हिस्साही लाकडावर नव्हता.

"आजून टाका."

मी आणखी भार टाकला. दांडी हलली आणि परत बसली. मला घाम फुटला होता. मापाडी ठोकळ्यावर बोट ठेवून थांबला होता, पोत्याचं वजन होताना थांबावं तसा, त्याला घाई नव्हती. त्या दुपारी मी तिसऱ्या हिश्श्यापर्यंत गेलो आणि खाली बसलो.

त्यानंतर दीड-दोन महिने, बाजाराचा दिवस सोडला तर, मी दुपारी तिथं जायचो. तो ठोकळा कालच्यापेक्षा एक खाच पुढं ठेवायचा आणि म्हणायचा, "हितवर." दांडी उचलली की मी मनात आकडे मोजायचो. आधी पाच, मग दहा, मग तीस. नजर दांडीवर असली की चाक आठवत नसे. का ते मला सांगता येत नाही. कदाचित काट्यावर जे दिसत होतं ते माझ्या वाटण्यापेक्षा खरं आहे, हे मानायची मला कामाची सवय होती. एक दिवस दांडी निम्म्यावर उचलली आणि तशीच तरंगत राहिली. मापाडी म्हणाला, "झालं बगा," आणि पोती उचलायला गेला.

उभं राहणं निराळं, चालणं निराळं. संध्याकाळी मी आणि बायको शाळेमागच्या मोकळ्या मैदानात जायचो. ती नेहमी माझ्या उजव्या हाताला चालायची. एकदा म्हातारे घरी जाताना तिथं थांबले आणि जरा वेळानं तिला म्हणाले, "बाई, तुमी दुसऱ्या अंगाला चाला. तुमी तिकडं हाव म्हणून हे तिकडंच झुकत्यात."

"आणि लाकडाच्या बाजूला पडले तर?"

"पडू द्या. उचलू नगा. त्यांचं त्यांनाच उठू द्या."

ती डावीकडं आली. दहा पावलं मी बरा चाललो. मग लाकडावर मनापासून भार टाकला आणि गुडघा लटपटून खाली आलो, हातावर आणि तोंडावर. वाळू दातांत गेली. ती हात पाठीमागं बांधून उभी राहिली. उठायला मला बराच वेळ लागला. आधी उजवा गुडघा, मग काठी, मग लाकूड. उभा राहून तिच्याकडं बघितलं तेव्हा ती रडत होती, पण हात सोडले नव्हते.

"चला," ती म्हणाली.

त्या आठवड्यात मी आणखी तीनदा पडलो. नंतर पडलो नाही. चिखलाच्या पट्टीवर म्हातारे मला अधूनमधून चालवायचे. लाकडाचा शिक्का हळूहळू पुरा गोल उमटू लागला आणि उजवी टाच दिसू लागली. चवड्याची जखम भरायला साडेतीन महिने लागले. तिथली कातडी पुढं कायम पातळ राहिली आणि रोज संध्याकाळी तळवा उलटा करून दिव्याशी बघायचा, हा बायकोनं नियम केला. तिनं तो एक दिवसही चुकवला नाही.

दोन वर्षांनी मी अर्ज करून पुन्हा रानात जाऊ लागलो, जवळच्या गावांपुरता. साखळीबरोबर चालायचो, पण पावलांनी हद्द मोजणं मी कायमचं सोडलं. माझं पाऊल आता चांगलं होतं, पण ठरलेलं नव्हतं. सकाळी एक असायचं आणि खुंट सुजला की दुपारी दुसरं. याचं वाईट वाटायचं. अजूनही वाटतं. लोक समजूत घालायचे की चालता येतंय हे काय कमी आहे. त्यांचंही बरोबर होतं.

म्हातारे एका उन्हाळ्यात गेले. दोन दिवस ताप आला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गेले. मला कचेरीत कळलं. मी त्यांच्या वस्तीत पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. वस्तीत मी त्याआधी दोन-तीनदाच गेलो होतो आणि प्रत्येक वेळी अंगणातूनच परतलो होतो. मापाडी आला होता. माझ्या जातीतलं, माझ्या कचेरीतलं दुसरं कुणी नव्हतं.

उचलायची वेळ झाली तसा मी पुढं झालो. त्यांच्या थोरल्या मुलानं मला अडवलं. तो माझ्याच वयाचा होता.

"सायेब, तुमी आलाव तेवढं पुरं हाय. खांदा नगं. वाट वगळीची हाय, वढ्याच्या उताराची, दगडाधोंड्याची. तुमचा पाय..."

"मागचा डावा खांदा मला द्या," मी म्हणालो.

"डाव्या पायावर यील समदा भार."

"येऊ द्या."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग बाजूला झाला.

म्हातारे अंगानं किरकोळ होते. तरी खांद्यावर आल्यावर ते वजन मांडीच्या पट्टीतून, पात्यांमधून उतरत वाटीखाली जाऊन बसलेलं मला स्पष्ट कळलं. साचा करकरला. पुढच्या माणसांनी माझ्यासाठी चाल हळू केली आहे हे लक्षात आलं आणि मी त्यांना तसं करू नका म्हणालो. शेवटच्या घरापासून ओढ्याच्या उतारापर्यंत मी खांदा दिला. किती पावलं झाली ते मोजलं नाही. उताराच्या तोंडाशी मापाड्यानं माझ्या खांद्याखाली आपला खांदा घातला आणि मी बाहेर निघालो. पुढं मी काठी टेकत मागून गेलो.

गावात त्याची चर्चा झाली. दोन घरांनी आमच्याकडं येणं बंद केलं. त्यातलं एक माझ्या सख्ख्या चुलत्याचं. त्यांनी बायकोला वाटेत अडवून विचारलं, हे काय ऐकतो आम्ही. तिनं सांगितलं, "ऐकलंत ते बरोबर आहे."

खांदा देऊन त्या दिवशी घरी आलो तेव्हा तिनं अंघोळीला पाणी तापवून ठेवलं होतं. पट्टी सोडली तर खुंट दोन ठिकाणी फाटला होता आणि साच्यात रक्त साकळलं होतं. तिनं दिवा जवळ घेऊन बघितलं, धुतलं, वर स्वच्छ फडकं बांधलं. रागावली नाही. दुसऱ्या दिवशी लाकूड तिनं उन्हात भिंतीला लावून ठेवलं आणि पंधरा दिवस मी कुबड्यांवर कचेरीत गेलो. साचा दुरुस्त करायला पुढं म्हाताऱ्यांच्या मुलाकडं जायला लागलो. त्यानं पहिल्या दिवशी खुंट हातात घेतला आणि कोळसा शोधायला लागला. मी त्याला सांगितलं, भार चालत नाही तिथले गोल कुठं काढायचे ते मी दाखवतो.